क्लेरा गिब्जच्या मावशीचं पाचवं रीळ

आजच्या या संध्याकाळचे अध्यक्ष, आणि पडद्यावर ज्यांनी वीस वर्षं अबला नायिकांना रुळांना बांधलं पण घरात बायकोने सांगितल्याशिवाय खिडकीसुद्धा उघडली नाही, असे आपले आदरणीय मिस्टर अम्ब्रोज पेटिबोन. ज्यांच्या हातचा लिंबाचा केक मघाशी आपण सर्वांनी दोन-दोनदा घेतला, त्या मिसेस पेटिबोन. मूकपटांच्या जुन्या कलावंतांच्या या मंडळाचे पदाधिकारी. मागे यंत्राच्या खोलीत घामाघूम होऊन बसलेले ओटिस. समोर जमलेले माझे म्हातारे मित्र आणि मैत्रिणी (मैत्रिणींनो, तुम्ही म्हाताऱ्या नाही, तो शब्द फक्त मित्रांसाठी आहे). आणि जिला निरोप द्यायला आपण इथे जमलो आहोत, ती मिस ओर्फा डनिंग.

व्यासपीठावर एक खुर्ची रिकामी आहे. ती कॅनडाहून आलेल्या मिसेस ब्राटन यांची. त्या मंगळवारीच परत गेल्या. का गेल्या ते ओघात येईलच.

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि वर बजावलं आहे, "एमिल, जरा हसतं ठेव हं. निरोपाचा प्रसंग आहे, मयताचा नाही." मी प्रयत्न करीन. पण ज्याने जन्मभर लोकांना रडवून पोट भरलं, त्याला तुम्ही हसवायला उभं केलंत, ही चूक मंडळाची आहे, माझी नाही.

नव्या मंडळींना माझी ओळख नसेल. मी एमिल क्रोत्की. कॅमेऱ्यामागचा व्हायोलिनवाला. चित्रं मुकी होती तेव्हा प्रत्येक सेटच्या कोपऱ्यात आम्ही दोघं बसलेले असायचो. एक पेटीवाला, एक व्हायोलिनवाला. नायिकेला रडू येईना की दिग्दर्शक ओरडायचा, "एमिल, आण रे पाणी!" आणि मी वाजवायचो. या गावातल्या मोठमोठ्या बायकांच्या डोळ्यांतलं पाणी मी काढलंय. एकीला तर माझ्या वाजवण्याने नाही, मी वाजवणार या नुसत्या भीतीनेच रडू यायचं. आमचा पेटीवाला लेस्टर म्हणायचा, "तू नुसता मिशीवरून हात फिरव एमिल, तिचं काम होतंय." असो. लेस्टर गेला. पेटीही गेली. बोलपट आले आणि पहिला हुकूम सुटला तो हाच, की सेटवर आवाज नको. त्याला आता वीस वर्षं होत आली.

तर ओर्फा. आमच्या ओर्फाने किती चित्रांत काम केलं हे कोणालाच सांगता येणार नाही, तिला स्वतःलाही नाही. ती नायिका कधीच नव्हती. नायिकेची आई, नायिकेची मोठी बहीण, घरमालकीण, सुईण, नर्स, तार आणून देणारी बाई, तार वाचून मट्कन खाली बसणारी बाई. कोणी मला एकदा विचारलं, ही दिसायला कशी होती? मी म्हटलं, अहो, तुम्ही तिला शंभरदा पाहिलंय, नायिकेच्या खांद्यामागे बघा.

(ओर्फा तिथून हात करते आहे, की आवर. बाई, अजून तीनच मिनिटं झालीत.)

आता ही चित्रं कुठे आहेत, असा प्रश्न कोणी विचारील. विचारू नका. बोलपट आल्यावर मुक्या चित्रांना कोण विचारतो? गोदामाला भाडं पडत होतं, फिल्म पेट घेते म्हणून विम्यावाले कटकट करत होते. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की फिल्मवर चांदीचा लेप असतो. झालं! गाड्या भरभरून फिल्म गेली आणि वितळली. कुणाच्या तरी घरी त्या चांदीचे चमचे झाले असतील आणि कुणीतरी आज रात्री आमच्या ओर्फाच्या चेहऱ्याने सूप पीत असेल. हसताय? हसा. मीही पहिल्यांदा हसलोच होतो.

आपण सगळेच इथे एका बोटीत आहोत. पेटिबोनसाहेबांचंही एक चित्र उरलेलं नाही. पण ते म्हणतात, "बरं झालं, पुरावा नष्ट झाला." ओर्फाचं तसं नव्हतं. तिला एक चित्र पाहायचं होतं. चित्र कसलं, एक क्लोजअप.

तो कसा घेतला गेला ते सांगतो, कारण तिथे हजर असलेल्यांपैकी आता आम्ही दोघंच जिवंत आहोत.

चित्राचं नाव 'क्लेरा गिब्जचं लग्न'. ओर्फा त्यात क्लेराची मावशी होती. गावाचे कपडे धुऊन तिने पोरीला वाढवलेलं. पोरीचं श्रीमंताघरी जमतं, सासरची मंडळी घरी जेवायला येतात, मावशी ट्रे घेऊन दिवाणखान्यात येते. सासू विचारते, "ही कोण?" आणि क्लेरा म्हणते, "ही आमची मोलकरीण." बस्स. मावशीने ऐकायचं, ट्रे खाली ठेवायचा आणि जायचं. कागदावर एवढंच होतं. क्लोजअप क्लेराचा घ्यायचा होता, कारण दुय्यम कामं करणाऱ्या बायकांना क्लोजअप द्यायची तेव्हा पद्धत नव्हती. पण त्या दिवशी नायिकेची दाढ सुजली. गाल हा असा! दिग्दर्शक चिडला, दिवे तापलेले, उजेडाचे पैसे चाललेले. म्हणाला, "तोवर ओर्फाचा चेहरा घ्या रे, कुठेतरी लावू. ओर्फा, जरा रड. एमिल, आण पाणी!"

मी व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. आणि ओर्फा मागे न बघता म्हणाली, "एमिल, वाजवू नकोस."

त्या धंद्यात मला असं कोणी म्हटलं नव्हतं. मी व्हायोलिनचा गज गुडघ्यावर ठेवला. लेस्टरने पेटीवरचे हात उचलले. तो सेट चिंचोळा होता, म्हणून आम्हाला दाराच्या चौकटीमागे कोंबलेलं होतं, ओर्फाच्या मागे. मला काय दिसत होतं सांगू? तिची मान. आणि कमरेवर एप्रनची गाठ. कॅमेरा तिच्या पुढे होता, मी मागे. किती वेळ चाललं कोण जाणे. कोणी खोकलंसुद्धा नाही, आणि एरवी त्या काळी सेटवर सुतारसुद्धा हातोडे आपटत असायचे. मग कॅमेरावाला थांबला. त्याने उलटी घातलेली टोपी डोक्यावरून काढली आणि सुलटी घातली. 

ओर्फाने विचारलं, "बरं झालं का हो?"

दिग्दर्शक म्हणाला, "छान! छान! चला जेवायला."

आता तो सगळ्यांनाच छान म्हणायचा. माणसांना म्हणायचा, घोड्यांना म्हणायचा. एकदा सेटचं छत कोसळलं तेव्हासुद्धा तोंडातून आधी 'छान' निघालं होतं त्याच्या.

ओर्फा दुसऱ्या दिवशी पहाटे वाळवंटात गेली, दुसऱ्या चित्रासाठी, तिथे कुणाची तरी आई मरायची होती. आदल्या दिवशीचं काम स्टुडिओत दाखवत, त्याला तिच्यासारख्यांना बोलावत नसत. ती परत आली तोवर क्लेराचं लग्न लागून, चित्र गावातून उतरून पुढे गेलं होतं. तेव्हा आपण सगळे काय म्हणायचो? पुन्हा लागेल तेव्हा बघू! पुन्हा कधी लागतंय! ते चित्र तिने पाहिलं नाही ते नाहीच. पण लोकांनी पाहिलं होतं. रस्त्यात एखादी बाई थांबून म्हणायची, "तुम्ही त्या मावशी ना?" आणि हात दाबून निघून जायची. ओर्फा पहिल्यांदा लाजायची, मग हसायची. पुढे पुढे माझ्याकडे येऊन विचारायला लागली, "एमिल, मी खरंच बरी होते का रे त्यात?"

मी काय सांगणार? चित्र मीही पाहिलं नव्हतं, मी मान पाहिली होती.

मित्रहो, हा प्रश्न तुमच्यापैकी प्रत्येकाला पडलेला आहे, उगाच छताकडे बघू नका. आपण या गावात आयुष्य घालवलं. आपल्याला काही येत होतं, की आपण नुसतेच उजेडात उभे होतो? इथे 'छान' हा शब्द कबुतरांना दाणे टाकावेत तसा टाकतात, त्यावर कोण विसंबणार? ओर्फाला वाटायचं, आपण एकदाच, त्या एका दुपारी, काहीतरी खरं केलं. पण ती म्हणायची, "वाटतं तर सगळ्यांनाच. मला ते बघायचंय. वाईट असेल तर वाईट. पण बघायचंय." आणि गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांचं सांगितलं. जन्मभर त्या प्रखर दिव्यांकडे बघितलेले डोळे ते. पुढल्या वर्षीच्या हिवाळ्यापर्यंत काय बघायचं ते बघून घ्या, म्हणाले. म्हणूनच ती उद्या नेब्रास्काला भाच्याकडे, वेंडेलकडे चालली आहे. त्याच्याकडे कोंबड्या आहेत. भाचा म्हणतो, आत्या, कोंबड्या नुसत्या आवाजावरून ओळखता येतात.

आपल्या मंडळाने थिएटरवाल्यांच्या साप्ताहिकात चार ओळी छापल्या, कुणाकडे 'क्लेरा गिब्जचं लग्न' आहे का? मला काडीची आशा नव्हती. आणि या वसंतात मिसेस ब्राटन स्वतःच येऊन उभ्या राहिल्या, कॅनडातल्या लाकूडतोड्यांच्या एका गावाहून, हातात बोचकं, मागे हमालाच्या हातगाडीवर डबे.

त्यांचं गाव रेल्वेच्या अगदी शेवटच्या टोकाला. चित्र गावोगाव फिरत, झिजत तिथे पोचायचं आणि तिथून पुढे रूळच नव्हते. परत मागवायचं तर भाडं जास्त आणि चित्राच्या चिंध्या झालेल्या, म्हणून कंपनी कळवायची, नदीत टाका. मिस्टर ब्राटन यांचं तिथे थिएटर होतं. त्यांनी पुष्कळ चित्रं इमानेइतबारे नदीत टाकली. पण क्लेराच्या वेळी मिसेस ब्राटन आडव्या आल्या. "ही मावशी मी बुडवू देणार नाही," म्हणाल्या. मग पहिली चार रिळं आणि सहावं थिएटरच्या माळ्यावर भिरकावली गेली. वर पत्रा, पत्र्याला भोकं, आत बर्फ यायचा. पाचवं मात्र, मावशीचं, बाईंनी घरी नेलं.

आणि जपलं हो! तळहातावरच्या फोडासारखं जपलं. डबा पुसला, फटीला कडेने मेण ओतून बंद केला, लग्नातल्या लोकरी शालीत गुंडाळला आणि चुलीशेजारच्या उबदार कपाटात मुरांब्याच्या बरण्यांमध्ये ठेवला. ओल लागू नये, वारा लागू नये. कोणतीही गृहिणी मुरांबा कसा ठेवते? तसाच.

तुमच्यातल्या ज्यांनी फिल्म हाताळली आहे त्यांचे चेहरे मला इथून दिसताहेत. हो. तेच.

ओटिसच्या खोलीत आम्ही पाचजण होतो. माळ्यावरची रिळं आधी काढली. ओरखडे, डाग, पण चित्र लख्ख. कोणी बघितलं नाही, कोणी जपलं नाही, थंडीत वाऱ्यावर पडून राहिली आणि टिकली. मग पाचवं. ओटिस मेण खरवडत होता तेव्हाच त्याचा चेहरा उतरला. त्याला वास आला होता. झाकण उघडलं. आत तपकीर होती. मऊ, तांबूस, डबाभर तपकीर. फिल्मला श्वास लागतो, गारठा लागतो. उबेत कोंडली की स्वतःच्याच वाफेने स्वतःला खाते.

मिसेस ब्राटन म्हणत राहिल्या, "मी तर एकदाही उघडलं नाही हो! शपथेवर सांगते, एकदाही नाही!"

ओर्फाने डब्यात बोट घातलं, उजेडाकडे धरलं, डोळ्यांच्या अगदी जवळ. म्हणाली, "आमची तोंडाला लावायची पावडर याच रंगाची असायची." मग त्या म्हातारीला खुर्चीत बसवलं, तिच्या हातात कॉफी दिली आणि विचारलं, "पण तुम्ही बघितलंय ना? कितीदा?"

"लागलं होतं तेवढे दिवस रोज! नवऱ्याने तिकीट फाडायला ठेवलेलं मला, पण पाचवं रीळ लागलं की मी आत."

"मग सांगा ना. मी काय केलं होतं?"

आम्ही सगळे पुढे सरकलो. तो चेहरा रोज पाहिलेलं एक माणूस आमच्यासमोर बसलं होतं!

मिसेस ब्राटन डोळे पुसत म्हणाल्या, "रडलात हो! काय रडलात! इथून निघालं ते पार हनुवटीपर्यंत. एप्रनने तोंड दाबून धरलंत."

ओर्फा म्हणाली, "हो का," आणि त्यांना अजून साखर हवी का विचारलं.

परत येताना ट्राममध्ये ती खिडकीशी बसली आणि म्हणाली, "एमिल, मी रडले नव्हते. रडायचं नाही म्हणूनच तर तुला थांबवलं. हात ट्रेवर होते, तोंड कशाने दाबीन?"

मी म्हटलं, "अगं, ती बाई स्वतः रडली असेल. तिला वाटलं तू रडलीस. याच्यापेक्षा मोठी पावती कुठली?"

"साखर नको घालूस रे," ती म्हणाली. "असेलही तसं. नाहीतर दुसऱ्याच कुठल्या मावशीला ती मी समजत असेल. त्या वर्षी सगळ्याच चित्रांत सगळ्याच मावश्या रडत होत्या."

  मग तिने विचारलं, "तू काय पाहिलं होतंस, खरं सांग."

"तुझ्या एप्रनची गाठ."

"कशी होती?"

"घट्ट होती."

ती हसली. मला वाटतं हसलीच. मिसेस ब्राटन इथे थांबायला तयार नव्हत्या. कोणत्या तोंडाने व्यासपीठावर बसू, म्हणाल्या. ओर्फा त्यांना गाडीवर सोडायला गेली होती. जाताना त्या बाईंनी तिला मुरांब्याची बरणी दिली. ओर्फाने ती घेतली आणि चांगली घट्ट मिठी मारली. तिच्या जागी मी असतो तर मला ते जमलं नसतं.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. आलोच शेवटाला.

आज आपण चित्र दाखवणार आहोत. पाचव्या रिळाच्या जागी काय करायचं यावर मंडळाने दोन बैठका घेतल्या आणि तीन भांडणं केली. शेवटी ओर्फाच म्हणाली, चौथ्याला सहावं जोडा आणि चालवा. काल दुपारी ओटिसने जोडून बघितलं. मी बसलो होतो, ओर्फा बसली होती, मंडळाची नवी टंकलेखिका बसली होती. चित्र संपलं, पोरीने टाळ्या वाजवल्या. ओर्फाने तिला विचारलं, "मध्ये काही तुटल्यासारखं वाटलं का गं?" ती पोर प्रामाणिक. म्हणाली, "छे! कुठे?"

खरंच वाटत नाही. चौथ्यात पाहुणे जेवायला येतात, सहाव्यात लग्नाची सकाळ उजाडते. मावशी कुठे गेली हे कोणी विचारत नाही. गोष्टीचं काही अडत नाही. मी या गावात पुष्कळ वाईट गोष्टी पाहिल्या, घरं गेलेली पाहिली, माणसं गेलेली पाहिली, पण कालच्यासारखं वाईट मला कधी वाटलं नाही. अध्यक्षमहाराज, माफ करा, हसतं ठेवायचं माझ्याच्याने झालं नाही.

ओर्फाने मला इथे उभं राहायच्या आधी एकच सांगितलं, "खोटं बोलू नकोस." म्हणून या हॉलमध्ये आज मी तिला एकदाही 'तू थोर होतीस' म्हणालो नाही. ती होती का? मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, आणि आता कळायचंही नाही. तुम्हीसुद्धा, हात जोडून विनंती आहे, बाहेर पडताना तिला 'छान होतीस' म्हणू नका. तिचा हात हातात घ्या. कोंबड्यांची चौकशी करा. पत्ता लिहून घ्या. पत्रं मोठ्या अक्षरांत लिहा, येत्या हिवाळ्यानंतर ती वेंडेललाच तिला वाचून दाखवावी लागतील, म्हणजे आमच्या चहाड्या जरा बेताने.

या समारंभासाठी हॉल देणारे, खुर्च्या मांडणारे, सरबत गाळणारे, सर्वांचे मंडळातर्फे मनापासून आभार. मिसेस ब्राटन यांचेही आभार, त्यांच्या गैरहजेरीत, आणि मनात काही न ठेवता. माझ्या बोलण्यात अधिक-उणं झालं असेल, कुणाचं मन दुखलं असेल, तर म्हाताऱ्याचं म्हणून पदरात घ्या.

ओटिस, दिवे घालवायला हरकत नाही. आज व्हायोलिन मी वाजवणार आहे, पहिल्या रिळापासून. चौथ्याच्या शेवटी मावशी ट्रे उचलते आणि स्वयंपाकघराच्या दारातून दिवाणखान्यात जाते, आपल्याकडे पाठ करून. मान दिसेल, एप्रनची गाठ दिसेल. तेवढी नीट बघून घ्या. दार लागायच्या आधीच मी वाजवायचं थांबवलेलं असेल. वाजवू नकोस म्हणून तिने सांगितलं होतं, आणि ते तिने अजून मागे घेतलेलं नाही.